एक दशांश मिलिमीटरची मोकळीक

कोणत्याही मोटारगाडीच्या सुट्या भागांची यादी उघडून पाहिली, तर लहानशा चकतीपासून थेट इंजिनाच्या धडापर्यंत प्रत्येक वस्तूला तिच्यात क्रमांक दिलेला आढळतो. परंतु ज्या एका गोष्टीवाचून ते इंजिन नीट चालू शकत नाही, तिचा उल्लेख त्या यादीत कुठेच सापडत नाही. ती दुकानात मिळत नाही, तिला वजन नाही, तिला गंजही चढत नाही. ती गोष्ट म्हणजे इंजिनाची झडप आणि त्या झडपेला ढकलणारी तरफ यांच्यामध्ये मुद्दाम राखलेली मोकळी जागा. आपल्याकडचे कारागीर तिला ‘टॅपेटचा गॅप’ म्हणतात. ही जागा किती असावी, ती का असावी, आणि ती राखण्याचे काम एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी, आपल्या हाताने करावे यात काय अर्थ आहे, हा विचार केवळ यांत्रिक नाही. माणूस आणि त्याच्या हातातील वस्तू यांच्या नात्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

हा विचार करण्यासाठी तंजावर प्रांतातील कुंभकोणम हे गाव सोयीचे आहे. मराठी माणसाला ते सर्वस्वी परके नाही. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले, तरी त्याच्याबरोबर तिकडे गेलेली मराठी घराणी तेथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी अशाच एका घराण्यात झाला. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये हे गाव वसले आहे. देवळांची गोपुरे, विड्याची पाने, पितळेची भांडी आणि पितळी पेल्यातून वाफाळणारी कॉफी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण गावाबाहेर भातखाचरांच्या बाजूला गेले, की देवळाच्या घंटेइतकाच परिचयाचा आणखी एक आवाज कानी पडतो. तो पाणी उपसणाऱ्या इंजिनाचा. कालव्याला पाणी उशिरा आले किंवा अपुरे पडले, की कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याची मदार पंपावर असते. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव या तमिळ शेतकऱ्यालाही ओळखीचे आहे.

बांधावरचे ते इंजिन आणि जगातील एखादी अतिवेगवान मोटार यांच्यात साम्य ते काय, असे कोणालाही वाटेल. एक बैलाच्या चालीने पाणी ओढते, तर दुसरी वाऱ्याशी पैज लावते. परंतु दोघांच्याही पोटात झडपा आहेत, आणि दोघांनाही ती मोकळी जागा सारखीच लागते.

इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि इंधन आत येण्यासाठी एक दार असते आणि जळालेला वायू बाहेर जाण्यासाठी दुसरे. झडप म्हणजे या दाराची पोलादी कवाडी. आकाराने ती लांब देठाच्या छत्रीसारखी असते. कॅमशाफ्ट नावाचा उंचवटे असलेला दांडा फिरत राहतो. त्याचा उंचवटा रॉकर नावाच्या तरफेला उचलतो, तरफ झडपेला ढकलते आणि दार उघडते. उंचवटा सरकला, की स्प्रिंग झडपेला परत आपल्या बैठकीवर आणून बसवते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते आणि पन्नास वेळा मिटते.

आता या मिटण्यालाच खरे महत्त्व आहे. बाहेरच्या वायूची झडप तापून लाल होते. तिच्या अंगची बहुतेक उष्णता ती बैठकीवर टेकलेली असताना, त्या क्षणार्धाच्या विश्रांतीत, बैठकीच्या धातूत उतरून जाते. तरफ आणि झडप यांच्यात थोडीही मोकळीक राहिली नाही, तर तरफ झडपेला पुरती टेकू देत नाही. मग उष्णता उतरायला वाट राहत नाही, कडेच्या फटीतून तापलेला वायू सुटू लागतो, आणि लोहाराच्या भात्यापुढे धरल्यासारखी झडपेची कड जळत जाते.

ही मोकळीक किती ठेवायची, हे मात्र इंजिनाच्या घडणीवर अवलंबून असते. शंभर मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी शंभर अंशांनी तापली, तर सुमारे बारा शतांश मिलिमीटरने वाढते. तेवढीच ॲल्युमिनियमची दांडी तेवढीच तापली, तर तेवीस शतांशांच्या आसपास वाढते. इंजिनात झडप पोलादी असते, तिच्याभोवतीचे घर बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे असते, आणि दोन्हींचे तापणे सारखे नसते. या सगळ्या वाढण्याची वजाबाकी करून कारखान्याचा अभियंता एक आकडा ठरवतो. तो थंड इंजिनासाठी आहे की गरम, हेही तो लिहून ठेवतो.

मोकळ्या जागेचे हे शास्त्र कुंभकोणमच्या परिसराला नवे नाही. जवळच्या नाचियारकोविलमध्ये पितळेच्या उभ्या समया घडवतात. समईची बैठक, खांब, तेलाची वाटी हे भाग वेगवेगळे ओतून चरकावर उतरवतात आणि आटे पाडून एकमेकांत बसवतात. आटा फार सैल राहिला, तर समई डुलते. फार घट्ट झाला, तर तो फिरतच नाही. तंबोऱ्याची गोष्ट तर मराठी श्रोत्यांच्या अधिकच परिचयाची. तारेखाली घोडीवर जो सुताचा जीव घालतात, तो केसभर इकडेतिकडे सरकवला, की मुका तंबोरा बोलू लागतो. मिरजेच्या कारागिराला जवारी काढताना जे कळते, तेच इंजिनाच्या कारागिराला गॅप लावताना कळते. वस्तू जिथे एकमेकींना टेकतात, तिथे किती टेकावे यावर तिचे बोलणे अवलंबून असते.

आता अशी कल्पना करावी, की कुंभकोणमच्या एका जुन्या घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, १९७८ सालच्या घडणीची पोर्शे ९११ टर्बो उभी आहे. तिचा मालक तंजावरी मराठी बोलणारा एक निवृत्त गृहस्थ आहे. गाडीची निवड विनाकारण केलेली नाही. बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूच्या जोरावर पाते फिरवून त्याच्याकरवी इंजिनात अधिक हवा कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंटात नोंदवली. सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येतील अशा टर्बो मोटारी अमेरिकेत १९६२ साली आल्या. पोर्शेची टर्बो १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. पुढच्या वर्षी ती रस्त्यावर आली आणि १९८९ सालापर्यंत तयार होत राहिली. १९७८ सालापासून तिचे इंजिन ३.३ लिटरचे झाले. त्याची ताकद तीनशे अश्वशक्ती आहे. हे सहा नळकांड्यांचे इंजिन गाडीच्या पाठीमागे आडवे पसरलेले असते आणि पाण्याऐवजी हवेने थंड होते. टर्बोचे पाते बाहेरच्या वायूच्या वाटेतच बसवलेले असल्यामुळे त्या वाटेवर उष्णता आणि दाब दोन्ही अधिक. म्हणून बाहेरच्या झडपांचे देठ पोकळ ठेवून त्यांत सोडियम भरलेला असतो. हा धातू अठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास वितळतो आणि देठात वरखाली हिंदकळत डोक्याची उष्णता देठाकडे वाहून नेतो. एवढी योजना करूनही शेवटी भिस्त असते ती एक दशांश मिलिमीटरच्या मोकळिकीवर. आतल्या आणि बाहेरच्या, बाराही झडपांना थंड इंजिनात तेवढीच मोकळीक ठेवायची. वहीच्या साध्या कागदाची जाडी जवळपास तेवढीच असते.

‘थंड इंजिन’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. कुंभकोणमच्या वैशाखात ते पाळणे अवघड जाते. हे गृहस्थ आदल्या दिवशी गाडीला हात लावत नाहीत. रात्रभर ती विसावते. पहाटे दारापुढे सडा पडून कोलम रेखला जात असताना, ऊन चढण्यापूर्वी, ते कामाला लागतात. घरी काम करण्याचा पहिला लाभ हाच. तासावर पैसे मोजणाऱ्या कारखान्याला सबंध रात्र वाट पाहणे परवडत नाही. घरच्या माणसाला ते परवडते.

प्रथम गाडीचा मागचा भाग उचलून भक्कम घोड्यांवर टेकवायचा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग हवा थंड करणारा वरचा कूलर आणि आड येणाऱ्या नळ्या सोडवायच्या आणि स्पार्क प्लग काढून ठेवायचे, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मग झडपांवरची झाकणे उघडायची. हवा घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूला आणि वायू सोडणाऱ्या खालच्या बाजूला. खालची झाकणे निघताच तेल ठिबकू लागते. त्यासाठी परात आधीच मांडलेली असते.

पुढचे काम मोजणीचे. पूर्वी सरकारी कचेऱ्यांच्या आवारात ज्या ॲम्बॅसॅडर गाड्या उभ्या असत, त्यांच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनासाठी चालकांना एक सुरेख हिशेब पाठ असे. एका रांगेत आठ झडपा. त्यांपैकी पहिली पूर्ण उघडली असता आठवीचा गॅप लावायचा, दुसरी उघडली असता सातवीचा, तिसरी असता सहावीचा. बेरीज नेहमी नऊ. रामानुजन ज्या गावी लहानाचे मोठे झाले, तेथे असा हिशेब कोणालाही आवडावा. टर्बोचा हिशेब निराळा आहे. पुढच्या चक्रावर तीन खुणा असतात, एकमेकींपासून एकशेवीस अंशांवर. पहिले नळकांडे दाबाच्या शिखरावर आणायचे. त्या वेळी त्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि दोन्ही तरफा बोटाने किंचित हलतात. तरफा हलत नसतील, तर खूण बरोबर असूनही फेरा चुकला आहे असे समजावे. त्या दोन झडपा लावून झाल्या, की चक्र एकशेवीस अंश पुढे. आता सहावे नळकांडे, मग दुसरे, मग चौथे, तिसरे आणि पाचवे. पहिली तीन डावीकडे आणि उरलेली तीन उजवीकडे असल्यामुळे या क्रमात गृहस्थांना प्रत्येक वेळी बाजू बदलावी लागते. इंजिनाचे दोन पूर्ण फेरे होतात, तेव्हा बारा झडपा संपतात. चक्र मागे फिरवायचे नाही. खूण ओलांडली, तर पुन्हा पुढून यायचे.

प्रत्येक ठिकाणी कृती तीच. लॉकनट पान्याने सैल करायचा, मधला स्क्रू फिरवायचा, फिलर गेजचे पातळ पाते फटीत सरकवायचे. पाते अडखळू नये, पण निसटूही नये. दोन बोटांमधून रेशमाची फीत ओढताना जेवढा विरोध जाणवतो, तेवढा जाणवावा. शेजारच्या तिरुभुवनमचा विणकर रेशमाचा ताण ज्या बोटांनी जाणतो, तीच जाणीव येथे हवी. मग स्क्रू स्थिर धरून नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू थोडासा फिरतोच, आणि एका मिलिमीटरच्या आट्याचा स्क्रू दहाव्या हिश्श्याने फिरला, तर सगळी मोकळीक जाते किंवा दुप्पट होते. म्हणून आवळल्यानंतर पाते पुन्हा घालून पाहणे हा या कामाचा आत्मा आहे. जो दुसऱ्यांदा पाहत नाही, त्याने पहिल्यांदा पाहिले काय आणि न पाहिले काय, सारखेच.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोकळीक वाढली, तर इंजिन बोलते. तरफ झडपेवर आपटते आणि टक-टक असा आवाज येतो. दार थोडे उशिरा उघडते, थोडे लवकर मिटते, ताकद किंचित घटते. हा दोष खरा, पण तो स्वतःहून कानावर येतो आणि धीराने दुरुस्त करता येतो. मोकळीक नाहीशी झाली, तर मात्र इंजिन गप्प होते. आवाज थांबतो, यंत्र गोड चालल्यासारखे वाटते, आणि त्या गोडव्याच्या आड झडप जळत असते. अनेक हौशी मालक टकटकीला कंटाळून स्क्रू घट्ट करतात आणि शांत झालेल्या इंजिनाचा अभिमान बाळगतात. पुढे एक दिवस एका नळकांड्याचा जोर जातो, आणि तेव्हा कळते की ती शांतता निरोगी नव्हती. ज्याच्या हाती कोणताही कारभार असतो, त्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तक्रार ऐकू येणे ही वाईट बातमी असते, पण तक्रार ऐकू न येणे ही नेहमी चांगली बातमी असतेच असे नाही.

म्हणूनच या गृहस्थांच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या बरोबरीने एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी ते सापडलेली मोकळीक मोजतात आणि बारा रकान्यांत लिहून ठेवतात. तरफेचे तोंड, कॅमचा उंचवटा झिजला, तर मोकळीक हळूहळू वाढते. झडप बैठकीत रुतली, तर ती कमी होते. बाराही आकडे थोडे थोडे हलले, तर ते वयाचे लक्षण. परंतु एकाच झडपेचा आकडा दर खेपेला घटत असेल, गेल्या खेपेस नीट लावूनही या वेळी ती पुन्हा घट्ट सापडत असेल, तर ती झडप उष्णतेने ताणत आहे किंवा तिची बैठक खचत आहे. आज स्क्रू सैल करून तिला एक दशांश मिलिमीटर देता येईल, पण तेवढ्याने तिचे दुखणे बरे होणार नाही. तिचे डोके तुटून नळकांड्यात पडले, तर दट्ट्या, नळकांडे, आणि पुढे टर्बोचे पातेसुद्धा धोक्यात येते. अशा वेळी गाडी थांबवावी आणि इंजिन जाणत्या कारागिराकडून उघडून घ्यावे. हे कळण्यासाठी मागच्या खेपेचा आकडा हवा, आणि तो आकडा गाडी दर वेळी निराळ्या हातात गेली तर बहुधा कोणाजवळच नसतो. ज्याच्या घरी ती नांदते, त्याच्याजवळ तो असतो. घरच्या कामाचे खरे मोल हे आहे. मजुरीचे पैसे वाचतात ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

अर्थात घरच्या हातालाही मर्यादा आहे, आणि ती ओळखणे हासुद्धा त्या हाताचाच गुण. झाकणे परत लावताना जुनी गॅस्केटे वापरण्याची काटकसर करू नये. खालच्या झाकणांजवळच धुराड्याच्या तापलेल्या नळ्या असतात. त्यांच्यावर तेल ठिबकले, तर धूर होतो आणि प्रसंगी आगही लागते. झाकणांचे नट चहूकडून सारखे, आणि बेताने आवळावेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी हाताने दोन फेरे द्यावेत आणि कुठे काही अडत नाही याची खात्री करावी.

पुढच्या काळात हे काम यंत्रानेच आपल्या अंगावर घेतले. तेलाच्या दाबाने मोकळीक आपोआप भरून काढणारे टॅपेट पुष्कळ गाड्यांत फार पूर्वीच आले होते. पोर्शेच्या हवेने थंड होणाऱ्या ९११ गाड्यांत ते १९९३ साली आलेल्या शेवटच्या पिढीत बसवले गेले. त्यामुळे मालकाची दगदग वाचली, हे चांगलेच झाले. बांधावर पाण्यासाठी खोळंबलेल्या शेतकऱ्याला दगदग वाचवणारे यंत्र मिळाले, तर त्याबद्दल कोणी खंत करू नये. तरीपण जुनी इंजिने अजून आहेत, भाताच्या खाचरांजवळ आहेत आणि हौशी लोकांच्या अंगणातही आहेत. ती जोवर चालतात, तोवर कोणाला तरी पहाटे उठून पाते फटीत घालून पाहावे लागणार आहे.

ऊन छपरावर येते तोवर कुंभकोणमच्या त्या गृहस्थांचे काम आटोपलेले असते. हाताचे तेल पुसून ते वहीत तारीख घालतात आणि रकाने शेवटचे एकदा वाचतात. अकरा झडपांपुढे काही लिहिण्याजोगे नाही. आठव्या झडपेपुढे मागच्या खेपेला एक शतांश कमी भरले होते, आणि या खेपेला दोन शतांश. ते त्या आकड्याखाली पेन्सिलीने एक रेघ ओढतात आणि पुढची तपासणी नेहमीपेक्षा निम्म्या अंतराने करायची असे लिहून ठेवतात. मग इंजिन सुरू होते. ते किंचित टकटकते, आणि तो आवाज ऐकून त्यांचे समाधान होते.